डाव्या हाताचा विळा

माझ्या स्वयंपाकघरातल्या सुरीला पाहुण्यांनी हात लावलेला मला चालत नाही. एवढं सांगूनही कोणीतरी मदतीच्या हौसेनं टोमॅटो चिरायला घेतंच, आणि त्याचा चेंदामेंदा करून "तुमच्या सुरीला धार नाही हो" असं वर मलाच ऐकवतं. धार आहे. तुमच्या हातासाठी नाही, एवढंच. मी डावरी आहे. माझ्याकडची सतरा पाती, म्हणजे सुऱ्या, विळे, खुरपी आणि एक कोयता, एक सोडून सगळी डाव्या हातासाठी सांगून घडवून घेतलेली आहेत. वापरून झालं की धुवायचं, लगेच कोरडं पुसायचं, सरकीच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवायचं. ओलं पातं ओट्यावर तसंच टाकणाऱ्या माणसाशी माझं पटत नाही.

हा नाद मला हौसेतून लागला नाही. कापूस वेचायच्या दिवसांत मी डावरी आहे हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं. बोंडातून कापूस काढायला दोन्ही हात सारखेच लागतात, आणि नेर गावाच्या आसपासच्या वावरांत माझ्याइतक्या झपाट्यानं वेचणाऱ्या बाया थोड्या होत्या. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव गेला, पीकही जाऊ लागलं. पेपरवाले गाड्या घेऊन गावोगाव फिरले, शेतकऱ्यांच्या घरांचे फोटो काढून गेले. वेचणीच्या बायांनी आता काय करायचं, हे मात्र कोणी विचारलं नाही. याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

मालकांनी कापूस सोडून सोयाबीन पेरलं. सोयाबीन वेचायचं नसतं, सोंगायचं असतं, म्हणजे विळ्यानं बुडाशी कापायचं. आमच्या वस्तीतल्या बारा बायांची टोळी ठेक्यानं वावर घ्यायची आणि मजुरी सारखी वाटून घ्यायची. एक मागे पडली तर अकरा जणींचं नुकसान. मी पहिल्याच दिवशी मागे पडले. वेचणीत मिरवलेली बाई सोंगणीत सगळ्यांच्या डोळ्यांवर आली.

कारण साधं होतं. विळ्याच्या पात्याला एकाच अंगानं धार काढलेली असते. एक बाजू सपाट, दुसरी घासून उतरती केलेली. उजव्या हातात सपाट बाजू जमिनीकडे राहते आणि पातं सरळ जातं. डाव्या हातात तोच विळा उलटा पडतो, वर उचकतो, आणि झाड कापलं न जाता मुळासकट उपटून येतं. मुळाला माती, मातीचे खडे दाण्यात, आणि मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून ओरडतो. शिवाय माझा विळा शेजारणीच्या विळ्याला खटकन लागायचा. तिसऱ्या दिवशी टोळीच्या मुकादम बाईनं मला बाजूला घेतलं. वयानं मोठी, बोलायला फटकळ, पण खोटं कधी बोलायची नाही.

"तुया हातानं एखादीचं बोट जाईन," ती म्हणाली. "सोमवारी नवं वावर लागते. तोवर उजव्या हातानं शीक, नाई तं घरी राह्य. मले बाकीच्या बायांचंबी पाहा लागते."

घरी राहणं मला परवडणारं नव्हतं. त्या हंगामात दुसरं काम नव्हतंच. दोन दिवस उजव्या हातानं प्रयत्न केला, नडगी कापून घेतली आणि ठरवलं की हात बदलायचा नाही, विळा बदलायचा.

नेरच्या बाजारामागे एका म्हाताऱ्या लोहाराचा भाता होता. मुसलमान घर, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून ते विळे घडवायचे. माझं मागणं ऐकून त्यांनी हातोडाच खाली ठेवला.

"जिंदगी गेली लोहारकीत, उलटा इळा कोणी मांगला नाई. इळा इळाच राह्यते, बाई. हात बदल."

"हात बदलता आला असता तं तुमच्याकडे कायले आली असती, चाचा?"

त्यांनी विळा करून दिला. मी तिथंच हातात घेऊन पाहिला. मूठ तेवढी डावीकडे वाकवली होती, धार होती तशीच. मी म्हटलं, हा चालणार नाही. ते चिडले. मीही काही कमी चिडकी नाही. भात्यामागे गवत माजलं होतं. मी त्यांना तिथं नेलं, त्यांचाच विळा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि म्हटलं, "कापा."

चाचांनी एक झटका मारला. गवत मुळासकट वर आलं. दुसरा मारला, माती उडून त्यांच्या दाढीत गेली. त्यांनी विळा डोळ्यांसमोर धरून फिरवला, पातं पाहिलं, परत बसले, हळूच कापून पाहिलं. "अरे, हा तं खोदून राह्यला!" असं म्हणून ते जे हसायला लागले ते थांबेचनात. मग मला काही न विचारता त्यांनी दुसरा पाटा भट्टीत सारला. संध्याकाळी माझ्या हातात आलेला विळा आरशात पाहावा तसा उलटा होता, धार दुसऱ्या अंगाला. पैसे त्यांनी एकाच विळ्याचे घेतले. गवतावर तो एकदाच फिरवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातासाठी कोणी काही बनवल्याची ती पहिलीच वेळ होती.

पण आमच्या टोळीत एक रीत होती. नवं वावर लागायच्या आदल्या दिवशी सगळ्या बायांचे विळे मुकादम बाईच्या घरी जायचे आणि तिचा नवरा ते कुरुंदाच्या दगडावर एका बैठकीत परजून द्यायचा. भला माणूस. मीही रीतीप्रमाणे माझा विळा ठेवून आले आणि त्याला काही सांगायचं मला सुचलं नाही. एवढी हुशार मी!

सोमवारी पहिल्याच घावाला झाड मुळासकट वर आलं. मी पातं पाहिलं. त्या भल्या माणसानं लोहाराची चूक समजून ती दुरुस्त केली होती. सपाट बाजूवर व्यवस्थित उजवी धार काढून ठेवली होती.

"म्या सांगतलं होतं तुले," मुकादम बाई म्हणाली. "जाय घरी."

"मले दगड द्या," मी म्हटलं. "आन् जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही बोलू नका."

का कोण जाणे, तिनं पिशवीतला दगड काढून दिला. मी धुऱ्यावर बसले. त्याआधी मी कधी धार लावली नव्हती, पण पातं कसं हवं ते माझ्या मनगटाला ठाऊक होतं. पाणी शिंपडत, दगड सपाट दाबून, ती उजवी धार पूर्ण घासून काढली. मग पातं पालथं केलं आणि माझी धार काढली. बोटांची सालं निघाली. टोळी तोवर बरीच पुढे गेली होती. उठले आणि सगळ्यांच्या डावीकडची, मोकळी राहिलेली पात, म्हणजे कापायची पट्टी, धरली, कारण तिथं माझा विळा कोणाला लागणार नव्हता.

विळा असा चालला की मला माझंच हसू आलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी टोळीला गाठलं होतं.

जेवण झाल्यावर मुकादम बाई माझ्या पातीजवळ येऊन उभी राहिली. बाकीच्या बाया कापलेल्या झाडांची मूठ डाव्या हातानं डावीकडे टाकत होत्या. मी उजव्या हातानं उजवीकडे टाकत होते. त्यामुळे माझी आणि माझ्या शेजारणीची ढिगली एकाच जागी पडत होती, आणि मागून गोळा करणारीला दोन पातींचा माल एका ठिकाणी मिळत होता. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग माझ्या शेजारणीला म्हणाली, "तू तिकडं लाग. डावरीच्या बाजूनं म्या लागते."

त्या दिवसापासून टोळी होती तोवर आम्ही दोघी शेजारी होतो. तिनं माझं कौतुक एका शब्दानंही केलं नाही. माझा विळा मात्र परत कधी तिच्या नवऱ्याकडे गेला नाही. धार मीच लावायचे. पुढे चाचांकडून सुऱ्या करून घेतल्या, झरी जामणीकडच्या एका लोहाराकडून कोयता, आणि चिंधीतली पाती वाढत गेली.

सतरातलं ते एक पातं उजव्या हाताचं आहे. मुकादम बाईचा नवरा वारल्यावर, गुडघ्यांनी तिला वावर सोडावं लागलं तेव्हा, तिनं आपला विळा माझ्या घरी आणून दिला. "घरात आता कोणाले धार लावता येत नाई," म्हणाली. तीही गेली आता. तो विळा मला चालवता येत नाही आणि मी तो दुसऱ्या कोणाला देतही नाही. दर सोंगणीच्या आधी तो चिंधीतून काढते, दगडावर पाणी शिंपडते, आणि त्याला धार लावते, तिच्या बाजूनं.