गादीशेजारची रिकामी खुर्ची

टेस्डाल सरांच्या शुक्रवारच्या तासाला दालचिनीचा वास यायचा. त्यांची बायको मार्लिसबाई पहाटे उठून दालचिनीचे गोड रोल भाजायची आणि सर तो डबा रसायनशास्त्राच्या वर्गात घेऊन जायचे. देवानं पोटी लेकरू दिलं नाही, तर निदान दुसऱ्यांची पोरं तरी आपल्या हातचं खाऊ देत, असं तिचं म्हणणं. डबा रिकामा परत आला की तिला प्रार्थना पोचल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी कोल्बी रेन्झ वर्गात आला. तिथलाच, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, डुकरं पाळणाऱ्या घरात वाढलेला. कुस्तीच्या जोरावर फी माफ झाली, म्हणून विद्यापीठाचं तोंड पाहायला मिळालेलं. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. सुरुवातीला तो पुढच्या बाकावर बसायचा. बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणून त्याखाली मासे हिवाळा काढतात, हे सरांनी समजावलं तेव्हा म्हणाला, "असं होय? आमचे आजोबा म्हणायचे, मासे चिखलात घोरत पडतात." वर्ग हसला. सरही हसले.

नोव्हेंबरात कुस्त्या सुरू झाल्या आणि पोरगं बदललं. मागचा बाक, अंगात एकावर एक स्वेटर, डोळे मिटलेले, मधूनच बाटलीत थुंकणं.

"रेन्झ, हा वर्ग आहे. तुमचा गोठा नव्हे."

"सॉरी, सर."

डबा फिरला की तो रोल कागदात गुंडाळून खिशात टाकायचा. वर्गात कधी तोंडाला लावला नाही. सरांना ते फार लागलं. "तुझ्या हातची त्याला किंमत नाही," घरी येऊन त्यांनी सांगितलं. "बाहेर जाऊन फेकत असेल." मार्लिसबाई ओटा पुसत राहिली.

मग मोठी परीक्षा आली, नेमकी शुक्रवारी. कोल्बी आदल्या आठवड्यातच भेटला. "सर, त्या दिवशी आमच्या संघाची बस सामन्याला पहाटे निघते. गुरुवारी पेपर दिला तर चालेल?"

"बसमध्ये बसायचं तू ठरवलंस ना? मग झालं. नियम सगळ्यांना एक."

शून्य पडलं.

त्या विद्यापीठात एक रीत होती. हिवाळ्यातल्या एका सामन्याला प्रत्येक मल्ल आपल्या एका शिक्षकाला बोलावतो. शिक्षकानं संघाचा शर्ट घालून गादीशेजारी खुर्चीवर बसायचं, आणि कुस्तीला उतरताना मल्लानं आधी त्याचा हात हातात घ्यायचा. डिसेंबरात कोल्बी तो शर्ट घेऊन सरांच्या दारात उभा राहिला.

सरांनी चष्मा काढला. "शून्य असं भरून निघत नसतं, बाळा."

"सर, त्यासाठी नाही आलो मी. मला फक्त..."

"शर्ट घेऊन जा."

त्यानं शर्टाची घडी परत नीट घातली आणि गेला. सामना झाला त्या संध्याकाळी सर घरी पेपर तपासत बसले होते.

नाताळची सुट्टी संपली. चर्चमधल्या सूपच्या जेवणाला कुस्तीच्या कोचची बायको नोरीन मार्लिसबाईशेजारी वाढायला उभी होती.

"तुझे रोल ना, मार्लिस, आमचा कोल्बी जपून आणायचा. वजनाच्या काट्यावरून उतरला की पहिला घास त्याचा. त्याआधी बिचाऱ्याच्या पोटात पाणीसुद्धा नसायचं. थुंकीसुद्धा बाहेर काढतात गं, आपल्या वजनगटात बसायला."

मार्लिसबाईच्या हातातला डाव थांबला. "आणायचा म्हणजे? आता नाही?"

"तुला नाही माहीत? केमिस्ट्रीत गेला. नापासाला खेळता येत नाही, खेळला नाही की फी माफ नाही. घरी गेला." नोरीननं आवाज खाली आणला. "शिक्षकांना बोलावलं त्या सामन्याला एकच खुर्ची रिकामी होती. आमचे हे म्हणाले, दुसऱ्या कुणाला बोलाव. तर कोल्बी म्हणे, नको, टेस्डाल सर शिकवतात ते मला कळतं. येतील ते, कामात असतील."

घरी येऊन मार्लिसबाईनं सगळं सांगितलं. "मला कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

"तू विचारलंस त्याला?"

शनिवारी डबा घेऊन सर रेन्झांच्या शेतावर गेले. कोल्बी डुकरांच्या हौदातला बर्फ फोडत होता. हात पुसून त्यानं रोल घेतला आणि तिथंच, उभ्या उभ्या खाल्ला. मग दुसरा घेतला. "आता काय, सर. आता माझं वजन कोण बघतंय?"

"मी तुझा पेपर घेतो. उद्या घेतो. वरती जाऊन बोलतो."

"सेमिस्टर संपलं, सर." तो अजिबात रागावलेला नव्हता, तेच सरांना सोसवेना. "आणि बाबांची कंबर गेलीय. आता इथं माझी गरज आहे." उरलेले रोल त्यानं आईसाठी काढून ठेवले. सर निघाले तसा तो आत गेला आणि तोच शर्ट घेऊन आला. "तुमच्याच मापाचा आहे. इथं कुणाला होत नाही."

संध्याकाळी मार्लिसबाईनं दार उघडलं. सरांच्या कोटाखाली तो शर्ट होता. तिनं काही न विचारता हातातला डबा घेतला, उघडून पाहिला. रिकामा होता. तिनं तो धुतला, कोरडा केला, आणि फडक्यात तोंड खुपसून तिथंच, ओट्याशी रडत राहिली.