इस्पितळात शिकलेलं काम

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या बायकोकडे, सुमनकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं, "मनाचा आजार आहे. नसलेले आवाज ऐकू येतात आणि खरे वाटतात. ही कुणाची करणी नाही, ताई."

सत्तर साल लागायच्या आधीची ही गोष्ट. मी सुरतेजवळ उधन्याला कापडाच्या मागावर होतो. यंत्रांच्या खडखडाटातून कुणीतरी नाव घेऊन मला शिव्या द्यायचं. एक दिवस त्या आवाजाने सांगितलं म्हणून मी मागावरचा अख्खा ताणा, सगळे उभे धागे, कात्रीने कापला. नोकरी गेली. सासरे धुळ्याहून पोरीला न्यायला आले. सुमन आमच्या अहिराणीत एवढंच बोलली, "मी आठेच ऱ्हासू." ती इथेच राहिली.

गोळ्यांनी आवाज हळूहळू मागे सरले, पण हात थरथरू लागले. दिवसभर भिंतीकडे बघत पडून असायचो.

डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी लिहून दिली. म्हणजे कामातून उपचार. इस्पितळातल्या एका लांबट खोलीत छगनमास्तर वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत. भिजवलेल्या पट्ट्या माझ्या हातातून निसटायच्या. जाळी सैल पडली की मास्तर गुजरातीत म्हणत, "खोली नाख, फरीथी कर." उसव, पुन्हा कर.

तिसऱ्यांदा उसवताना मला रडू फुटलं. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा माणूस मी!

"आजारी आहेस म्हणून सूट नाही मिळणार," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक देतं का?"

कित्येक महिन्यांनी कुणीतरी मला कारागिराला रागवावं तसं रागावलं होतं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

घरी आल्यावर एका शाळेच्या खुर्च्या विणायचं काम मिळालं. पहिली खुर्ची पोचवायला सुमन सोबत आली. हेडमास्तरांनी जाळीवर बोट फिरवत विचारलं, "कुठे शिकलात?"

सुमनने माझी बाही ओढली. तरी मी सांगून टाकलं, "वेड्यांच्या इस्पितळात."

ते खुर्चीत धपकन बसले, मागेपुढे झुलले आणि हसले. "मस्त बेसाय छे! मस्त बसता येतं. बाकीच्याही घेऊन जा."

रस्त्यात सुमन इतकी हसत होती की लोक वळून बघत होते.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर गोळ्या चुकवू नका. मी अजून घेतो. पण माणसाला नुसतं निजवूनही ठेवू नका.

आता दर गुरुवारी त्याच खोलीत मी शिकवतो. परवा एका बाईंची पहिली जाळी पुरी झाली. खुर्ची डोक्यावर घेऊन त्या वॉर्डभर फिरल्या. सिस्टर म्हणाल्या, "चला, गोळीची वेळ झाली."

"घेते हो," बाई म्हणाल्या, "आधी बसून बघा!"