फळीपलीकडची तालीम

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट जागेवर आलं नाही. उताणी निजून मान उचलली की बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा यायचा आणि तिथं दाबलं तर तीन बोटं आत जात. दुखत फार नसे, पण कमरेत जोर राहिला नव्हता. अर्धी घागर उचलली तरी पाय लटपटत. अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागे. हे कुणाला सांगायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, म्हणून मी सांगत नसे.

आम्ही तेव्हा चिंचवड गावात राहत होतो. यांना, म्हणजे माझ्या मुलीच्या वडिलांना, नव्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली काम लागलं होतं. राहायला एका जुन्या धान्याच्या कोठाराचा अर्धा भाग मिळाला. मालकानं मधे फळ्या ठोकून एका खोलीच्या दोन केल्या होत्या. पलीकडच्या अर्ध्यात एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या म्हाताऱ्यांना सगळे वस्ताद म्हणत. त्यांनी उमेदीत गावच्या तालमीत पैलवान तयार केले होते आणि आता ते कारखान्याच्या फाटकावर पहारा करायचे. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणायची. मामींशी मी बोले. वस्ताद बाहेर आले की मात्र पदर ओढून भिंतीकडे तोंड करी. शेजारी वर्षभर राहून मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. त्यांचे कुस्तीत मोडून सुजलेले कान तेवढे मला ठाऊक होते.

माझी मोठी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. भाऊ झाल्यापासून तिला सारखं कडेवर बसायचं असे. सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या, त्या तिला सांभाळत. एके दिवशी त्या नसताना विहिरीवर तिनं हात वर केले आणि मी तिला उचललं. दोन पावलं गेले आणि माझ्या अंगातलं बळच गेलं. दोघी दगडावर पडलो. तिची हनुवटी फुटली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गाठोडं बांधलं. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. जे दिसत होतं तेच त्या बोलल्या.

"पोर माज्याकडं ऱ्हाऊ दे. भरली घागर हिरीवरनं घरापत्तोर एका दमात आणशील, त्या दिशी ये आन् तिला घेऊन जा."

आमचं गाव नारायणगावच्या पुढं, नाशिकच्या रस्त्याला. वासरं बघायला जायचं म्हणून मुलगी खुशीत होती. जाताना तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी चालताना डावीकडे कंबर काढून चालत असे. कडेवर कुणी नसताना. बाजारात कुणाच्याही पोरीनं हाक मारली की मान वळायची. बाळ पाजताना बाळाकडे बघावं, तर मन तिकडं. महिन्याला सासऱ्यांचं कार्ड येई, गावातल्या मास्तरांच्या हातचं. मला चौथीपर्यंत वाचता येत होतं, तरी मी ते यांच्याकडून आधी वाचून घेई आणि मग एकटी असताना पुन्हा वाची. एका कार्डात होतं, पोर खुशाल आहे, आता गाईला भीत नाही. ती गाईला भीत होती हेच मला त्या कार्डावरून कळलं.

मी पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा दिवसभर घट्ट आवळून ठेवू लागले. मुलीच्या वडिलांना भीत भीत म्हटलं, कारखान्यातल्या पोरांना विचारा पोट कशानं घट्ट होतं. त्यांनी विचारून सांगितलं की पाय लांब करून निजायचं, हात डोक्यामागं घ्यायचे आणि ताडकन उठून बसायचं. पन्नास वेळा. मी पहिल्याच दिवशी पन्नास केले, दम कोंडून, दात आवळून. पंधरा दिवसांत उंचवटा अजून वर आला आणि पाठ धरली. विहिरीवर घागर हातातून सुटली, तेव्हा मामींनी मला धरून घरी आणलं. निजवलं आणि पोट हातानं चाचपलं. मग मला रडू आवरलं नाही. मुलीचं, घागरीचं, त्या पन्नासांचं, सगळं सांगितलं. मामी चहा करून देऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद पहिली पाळी करून घरी आले. जेवले. आणि फळीपलीकडून त्यांचा आवाज आला. एरवी ते इतके हळू बोलत की घरात आहेत की नाहीत कळत नसे. त्या दिवशी आखाड्यात उभं असल्यासारखे बोलले.

"आदी त्यो पट्टा सोड. पट्ट्यानं धरलं तर पोट कशाला धरंल?"

"सोडला," मामी म्हणाल्या. त्यांनी कधी पट्टा बांधल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"आता उताणी नीज. पाय लांब न्हाई. गुडगं वर घे आन् तळवं भुईला टेकव."

"ह्या वयात मला पैलवान करून कुठं पाठवताय?"

"जत्रंतल्या आखाड्यात."

"कुणासंगं लावताय माजी कुस्ती? तुमच्यासंगच लावा. पाठ भुईला लावती का न्हाई बगाच. आन् जरा मोठ्यांदा सांगा, मला आयकू कमी येतं."

मामींचे कान असे होते की माझ्या चुलीवर दूध उतू जाण्याआधी त्या पलीकडून सांगत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझं तोंड लाजेनं लाल झालं, घरात कुणी नव्हतं तरी. पण मी उठले, दार लोटलं, पट्टा सोडला, बाळाशेजारी उताणी झाले आणि गुडघे वर घेतले.

वस्ताद म्हणाले, दम घे, पोट सैल सोड. आता दम हळूहळू बाहेर सोड, दिव्यावर फुंकर मारल्यागत, पण दिवा विझू द्यायचा नाही. दम जाताना बेंबी पाठीकडं ओढायची. दम कोंडायचा नाही. कोंडलेला दम पोटाला बाहेर ढकलतो आणि मग फटीची आणखी फट होते.

"किती येळा?" मामींनी विचारलं.

"धा. अकरावा मोजलास तर उद्या तालमीत येऊ नगंस. पयल्या दिशी शंभर मारणारी पोरं चवथ्या दिशी खाटंवर असत्यात."

शेवटी त्यांनी उठायचं कसं ते सांगितलं. सरळ नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा टेका. फळीच्या दोन्ही बाजूंना बांगड्या वाजल्या. मामीही खरंच करत होत्या.

रोज दुपारी असं चालू झालं. सकाळी विहिरीवर मी मामींना माझी अडचण सांगे आणि दुपारी ती अडचण मामींची झालेली असे. अवो, मान उचलली की मधीच फुगतंय, मग? फुगतंय तर मान उचलू नकोस, अजून वेळ आहे. अवो, काहीच होईना, नुसतं निजल्यागत वाटतं. तेच काम आहे, जोरानं केलेलं दिसतं, हळू केलेलं टिकतं. दुसऱ्या महिन्यात टाच भुईवरून सरकवत पाय लांब करायला आणि परत आणायला लावलं, पोट आत धरून, एकेक पाय. चौथ्या महिन्यात दोन हातांनी पोटाच्या बाजू मधे धरून डोकं जरासं उचलायला लावलं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी पोटाला बळ चढतं, असं ते म्हणत. आणि काहीही उचलण्याआधी, तांब्या असला तरी, दम सोडत बेंबी आत घ्यायची आणि मग हात घालायचा. मी बाळ उचलताना, पाट उचलताना तसं करू लागले. कधी करू लागले ते समजलंच नाही.

तीन बोटांची दोन झाली, मग एक. मी रोज मोजत असे. बोट मोजताना मनात मुलीचंच वय मोजत असे. आता ती पावणेतीन. आता तीन. गावाहून कार्ड आलं की ती ओव्या म्हणते. कुठल्या ओव्या, ते मास्तरांनी लिहिलं नव्हतं.

दहाव्या महिन्यात मी भरली घागर विहिरीवरून एका दमात आणली. वस्ताद ओट्यावर बसले होते. मी येताना दिसले तसं त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि आत मामींना म्हणाले,

"उद्यापासनं तुजी तालीम बंद. तयार झालीस."

मामींनी विचारलं, मग वस्तादाला गुरुदक्षिणेचा नारळ कोण देणार? ते म्हणाले, चाळीस वर्षं तुझ्या हातची भाकर खातो, नारळाचं काय घेऊन बसलीस. मी दारामागं उभी राहून त्यांच्या पाठीला नमस्कार केला. त्यांच्याशी माझं कधीच एक अक्षर बोलणं झालं नाही.

आठ दिवसांत आम्ही गावी गेलो. मुलगी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वेणी घालण्याइतके केस झाले होते. हनुवटीवर पांढरी रेघ होती. सासूबाई म्हणाल्या, बघ, तुझी आई आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी घागरीचं काही विचारलं नाही. मी उभी कशी राहते ते बघूनच त्यांना कळलं असावं.

दोन दिवस राहिलो. ती वडिलांशी बोलू लागली. बाळाला तिनं वासरू दाखवलं. मी जवळ गेले की मात्र ती मान खाली घालून हातातलं काम नीट करू लागे.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. एसटीचा फाटा दोन मैल होता. बाळ आणि गाठोडं मुलीच्या वडिलांकडे दिलं. मी वाकले, दम सोडला, पोट आत धरलं आणि तिला उचललं. ती वजनानं वाढली होती तरी सहज वर आली. सासूबाई बांधापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. मुलगी रडली नाही. माझ्या खांद्यावर दोन्ही हात टेकून, पाठ ताठ करून, ती मागं बघत राहिली. तिनं मला अंग लावलं नाही. हे दोनदा म्हणाले की चालू दे तिला, दमशील. मी दमले नव्हते. एक मैल झाला, दीड झाला, मी तिला दिली नाही.

मग ती हळूच म्हणाली,

"मावशी, मला खाली ठेवा. मी चालते."

परक्या बायांशी कसं बोलावं, ते सासूबाईंनी तिला चांगलं शिकवलं होतं.

मी तिला खाली ठेवलं. तिनं झगा सारखा केला आणि चालू लागली. छान चालत होती. मी तिच्या टाचांकडे बघत मागून गेले.

महिन्याभरात ती मला आई म्हणू लागली. आता तिलाही नातवंडं आहेत आणि त्या वर्षातलं तिला काही आठवत नाही. माझ्या पोटानं पुढं कधी त्रास दिला नाही. आणखी दोन बाळंतपणं झाली, मी दहाव्या दिवसापासून हळूहळू दम सोडायला लागत असे आणि सगळी मुलं कडेवर वाढवली. पण अडीच वर्षांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची माझी मुलगी मी कधी उचलली नाही. त्या दिवसांत ती कडेवर किती जड लागली असती, केस कुठवर लागले असते, कानाशी काय बोलली असती, याचा अंदाज मी अजून करत असते.