मळमड्डीतल्या बंगल्याचे यजमान

चहा आधी खाली ठेवा, मगच सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून आला होता.

आमच्या गावात, मळमड्डीत एक जुना बंगला आहे. मंगळुरी कौलं, लाकडी जाळीचा व्हरांडा आणि दारात हे एवढं आंब्याचं झाड! आमचा फ्लॅट गावाच्या पार टोकाला, रायापूरला, पण जीव सगळा त्या बंगल्यात. दर रविवारी जाऊन त्याच्या फाटकापाशी उभा राहायचो. झोपाळा कुठे टांगायचा तेसुद्धा ठरलं होतं. फक्त घर घ्यायचं तेवढं राहिलं होतं!

आणि घेतलं कुणी? आमच्याच ऑफिसात बंगळूरहून बदलून आलेल्या देशपांड्यांनी. वर मलाच वास्तुशांतीचं आमंत्रण! गेलो. पडलेल्या तोंडाने गेलो.

फाटकातच शेजारच्या कानडी गंगाक्का भेटल्या. इतकी वर्षं त्या मला तिथे ताटकळताना बघत होत्या.

"अंतू इंतू तगोंड्रि नोड्रि! घेतलंत की हो शेवटी!"

आता 'मी नव्हे, देशपांड्यांनी' एवढंच म्हणायचं होतं ना? पण तोंडातून निघालं, "हो अक्का, योग यावा लागतो!"

झालं! अक्कांनी अख्खी गल्ली गोळा केली. देशपांड्यांना तिथे ओळखतंय कोण? मीच सगळ्यांना घर दाखवलं.

"पूजेला जास्वंद नेऊ का हो?"

"रोज न्या!"

"आमच्या भजनी मंडळाला हॉल?"

"मंगळवारी या की!"

"आणि आंबा? तोडणार नाही ना?"

"मी असेपर्यंत? शक्यच नाही!"

दुसऱ्याच्या घरावर दानशूर व्हायला काय जातंय हो?

तेवढ्यात भटजींनी हाक मारली, "यजमान, पाटावर बसा." भटजी आयत्या वेळी आलेले, त्यांना काय माहीत! देशपांडे केळीची पानं आणायला बाजारात, वहिनी आत साडी बदलतायत. गल्लीने मला ढकलत नेलं. खांद्यावर उपरणं आलं, हातात पळी आली. समोरून आमची ही डोळे वटारत होती. पण खरं सांगू? मला उठवेना. त्या घरात एकदा तरी बसायचंच होतं मला.

"गोत्र?" भटजींनी विचारलं.

"काश्यप," मी.

"भारद्वाज," मागून आवाज आला. दारात देशपांडे, काखेत केळीची पानं!

माणूस भला. रागावले नाहीत. पण गंगाक्कांनी तिथल्या तिथे माझी सगळी आश्वासनं त्यांना ऐकवली. गाडीला जागा हवी म्हणून ते आंबा काढणार होते. माझ्या खांद्यावरच्या उपरण्याकडे बघून हसले.

"फुलं, भजन, कबूल. आंबाही राहू दे. पण त्याचा पाचोळा? तो ज्याने शब्द दिला त्याने झाडायचा!"

तेव्हापासून दर रविवारी हातात खराटा. ही म्हणते, "मिळालं बाई एकदाचं मळमड्डीत घर, अंगणापुरतं!"

परवा फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. बंगल्याकडे अगदी माझ्यासारखेच बघत होते. म्हणाले, "काय सुंदर घर आहे हो! मालक आहेत का?"

देशपांडे आतच होते. मी खराटा पाठीमागे लपवला आणि म्हणालो, "बोला!"