पुसलेले वण

चेहऱ्यावरचे वण पुसण्यात अख्ख्या नाशकात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बढाई मारत नाही. उलट आठवलं की स्वतःचाच संताप येतो, कारण या एका गोष्टीवर मी बरीच वर्षं खूश होतो. तीस सालानंतरचे ते दिवस. भद्रकालीत एका फोटोच्या दुकानात मी टचिंगला होतो. मालक काचेवर फोटो घ्यायचा, आणि मी ती काच उजेडाला धरून टोकदार पेन्सिलीनं माणसाच्या तोंडावरचे खड्डे बुजवायचो. देवीचे वण, सुरकुत्या, डाग, सगळं साफ.

माझं स्वतःचं तोंड देवीनं चाळणी करून ठेवलेलं. शाळेत पोरांनी त्यावरून काय काय ऐकवलं ते सांगत बसत नाही. हात जरा बसल्यावर पहिलं काम काय केलं, तर आपलाच फोटो काढून घेतला आणि गाल लोण्यासारखे मऊ करून टाकले. मालकानं तो नमुना म्हणून दर्शनी काचेत लावला. दुसरी प्रत मी आईला नेऊन दिली. तिनं पाहिली, ‘बरं’ म्हणाली आणि ट्रंकेत लुगड्यांच्या खाली सारली. भिंतीला लावली नाही. मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नाही.

एका सकाळी तांबट लेनमधली एक म्हातारी पायरी चढून आली आणि तिनं एक फोटो माझ्या टेबलावर आपटला. तिच्या मुलाचा होता. तोही तांबटच, विशीतला. मुंबईला कामाला जाण्याआधी त्यानं आमच्याकडे फोटो काढवला होता, आणि तिकडंच तापात गेला. घरी कळेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हातारीला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. तिच्याजवळ उरला तो एवढा फोटो.

“हा माझा मुलगा नव्हे,” ती म्हणाली. “याच्या तोंडावर देवी नाही. माझा मला परत दे.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, बाई, तुमचा मुलगा आम्ही देखणा करून दिला आणि वर आमच्यावरच ओरडता? ती म्हणाली, देखणा तो होताच, तुला कोणी विचारलं होतं? मग तिनं मूळ काच मागितली. ती कुठली असायला! मालक जुन्या काचा खरवडून तसबिरींना बसवायचा. त्या पोराची काच कुणाच्या तरी देव्हाऱ्यात गणपतीवर बसली असणार. हे ऐकून म्हातारीनं आम्हा दोघांना जे काही ऐकवलं ते मी इथं लिहू शकत नाही. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. हो, काढलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पायरीवर येऊन बसू लागली. गिऱ्हाईक आलं की सांगायची, इथं माणूस बदलून देतात, जपा. दोन-चार दिवसांनी तिच्या लेनमधली बायकापोरंही येऊन बसली. त्या लेनमध्ये एका वर्षी देवी निघाल्या होत्या, तेव्हा बरीच पोरं गेली आणि राहिली त्यांची तोंडं माझ्यासारखी झाली. ती सगळी तोंडं पायरीवरून माझ्याकडे बघत राहायची. मी पेन्सिल हातात धरून त्यांच्याकडे पाठ करायचो. मालकानं वड्याचं तेल वांग्यावर काढलं. मला म्हणाला, ही पीडा निस्तर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

मग मी म्हातारीला आत बोलावलं. म्हटलं, काच नाही, पण याच फोटोवर ब्रशनं वण रंगवून देतो. कुठं कुठं होते ते सांग. मनात म्हटलं, आता कळेल हिला किती आठवतंय ते.

तिनं फोटोवर बोट ठेवलं. फोटो केवढासा, तिच्या एका बोटाखाली पोराचा अख्खा गाल झाकला गेला. तिनं बोट उचललं, खाली बघितलं, पुन्हा ठेवलं. मग हात उचलला तो थेट माझ्या तोंडावर.

माझ्या तोंडाला मी कुणाला हात लावू देत नसे. न्हाव्यावरसुद्धा खेकसायचो. मी मान मागे घेतली, तर तिनं दुसऱ्या हातानं हनुवटी घट्ट धरली.

“हलू नको. हा कानाजवळचा, याच्याहून मोठा होता. इथं नव्हता. इथं तीन, चुलीच्या दगडांसारखे.”

तिची बोटं चिंचेनं भांडी घासून खरखरीत झालेली. एकेक वण दाखवायची, मी फोटोवर तो काढायचो, एका अंगाला सावली आणि दुसऱ्या अंगाला उजेडाचा बारीक ठिपका. तिला एकूण एक ठाऊक होता. नाकाच्या शेंड्यावरचा काढला तशी ती एकदम थांबली. माझी हनुवटी सुटली. तिनं फोटो जवळ घेतला आणि पोर गेल्याचं आजच कळल्यासारखी मोठ्यानं रडली. पायरीवरच्या बायका आत आल्या, फोटो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेला, आणि सगळ्याच रडल्या. मी मालकाकडे बघत होतो, दुसरीकडे कुठं बघावं ते सुचेना.

जाताना तिनं दर्शनी काचेतला माझा फोटो पाहिला.

“आई आहे का तुला?” तिनं विचारलं. मी आहे म्हणालो. ती पायरी उतरून गेली.

त्यानंतर तांबट लेनमधली माणसं फोटो काढायला येऊ लागली. बसण्याआधी मला दटावायची, पेन्सिल लावायची नाही. मालक कुरकुरला, पण गिऱ्हाईक परतवलं नाही. सणाच्या कपड्यात, ताठ मानेनं, भोकाभोकाच्या तोंडानं बसलेली ती माणसं माझ्या हातून जशीच्या तशी बाहेर पडली.

माझा नमुना मी काढून टाकला. मालकाला गळ घालून पुन्हा एकदा कॅमेऱ्यापुढं बसलो आणि ती प्रत, हात न लावता, घरी नेली. आईनं ती दारातल्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग खिळा शोधला आणि वरवंट्यानं भिंतीत ठोकायला लागली.