एस्तेरबाईंची खिरापत

एस्तेरबाई भररस्त्यात गुडघे टेकायच्या. कुणी वडीलधारं समोर आलं की हातातली पिशवी बाजूला ठेवायची, दोन्ही गुडघे जमिनीला लावायचे आणि मान लववून विचारपूस करायची. युगांडात त्यांच्या लोकांत बायका असाच नमस्कार करतात. भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीला हे कुठून ठाऊक असणार? त्या खाली बसल्या की समोरचा माणूसही घाईघाईने खाली बसून धूळ चाचपायला लागायचा. "काय पडलं वो बाई? डूल पडला का?" एकदा तर चार-पाच जण त्यांच्याभोवती रस्त्यावर डूल शोधत होते आणि मधोमध एस्तेरबाई पोट धरधरून हसत होत्या.

त्यांचे यजमान वसंतराव आमच्या गल्लीतलेच. तरुणपणी युगांडातल्या साखर कारखान्यात फिटर म्हणून गेले, तिथेच लग्न केलं. बहात्तर साली तिथल्या सरकारने हिंदी लोकांना देशाबाहेर काढलं, तेव्हा परत आले. एस्तेरबाईंना कुणी काढलं नव्हतं. त्या आपल्या पायांनी नवऱ्यामागे आल्या आणि त्यापायी माहेर कायमचं तुटलं. गल्लीही तेव्हा बदलत होती. पितळेची भांडी घडवणाऱ्यांची ठोकाठोक कमी होत चालली होती, दुकानांत स्टील चमकू लागलं होतं. अशाच एका बंद पडलेल्या दुकानात वसंतराव पाण्याचे पंप दुरुस्त करत.

मी समोरच भाड्याने राहायचे आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. एस्तेरबाईंनी मराठी उचललं ते गल्लीतूनच, थेट झाडीचं, म्हणजे भंडाऱ्याकडच्या बोलीचं. मी मूळची पुण्याची. एकदा मोठ्या उत्साहाने म्हटलं, "तुम्हाला शुद्ध बोलायला शिकवू का?" त्या म्हणाल्या, "कायले? तुमचं मराठी इथं कोनाले समजते?" मी त्या विषयाला पुन्हा हात घातला नाही.

गल्ली त्यांच्याशी वाईट वागत नसे. सगळे हसून बोलत, पण उंबऱ्याबाहेरून. हे सर्वांत जास्त जाणवायचं ते भुलाबाईच्या महिन्यात. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पार्वती भुलाबाई होऊन माहेरपणाला येते. मुली रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन तिची गाणी म्हणतात आणि मग बंद डब्यातली खिरापत ओळखतात. डबा वाजवायचा, हुंगायचा, पण उघडायचा नाही. दोन वर्षं एस्तेरबाई डबा भरून दारात उभ्या राहिल्या. मुली त्यांचं घर सोडून पुढे जायच्या. मग त्या स्वतःच दार लोटून घ्यायच्या. मला ते बघवत नसे.

तिसऱ्या वर्षी त्या सरळ शेजारच्या सखूआजींच्या ओसरीवर गेल्या. सखूआजी म्हणजे गल्लीचं हायकोर्ट, आणि त्यांचं नाक तर प्रसिद्धच. त्यांनी ओळखली नाही अशी खिरापत गल्लीत झाली नव्हती.

"आजी, माह्या घरी भुलाबाई काहून येत नाही?"

बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आजींनी घसा खाकरला. "तुले खिरापत जमन का?"

"मले जमन. तुमाले ओळखाले जमन का?"

नाकाचाच प्रश्न आला म्हटल्यावर काय! त्याच संध्याकाळी मुली एस्तेरबाईंच्या दारात हजर झाल्या आणि मागोमाग आजी, म्हणे "सहज" आल्या होत्या. गाणी झाली. एस्तेरबाईही टाळ्या वाजवत सगळी गायल्या. दारामागे उभं राहून त्यांनी ती केव्हाच पाठ केली होती! मग डबा आला. खडखड काही वाजेना.

"गुलगुले!"

"नाही."

"अनारसे!"

"नाही जी."

मुली थकल्यावर आजींनी डबा नाकाशी धरला. डोळे मिटले. "केळाचा वास येते. पन तळल्याचाबी येते. केळं तळते कोन?" पुन्हा हुंगलं. शेवटी डबा खाली ठेवून म्हणाल्या, "हरलो वो बाई."

"काबालागाला!" एस्तेरबाई ओरडल्या. पिकलेली केळी पिठात मळून केलेल्या छोट्या गोड पुऱ्या होत्या त्या. मुली ते नाव ओरडतच पुऱ्यांवर तुटून पडल्या.

आजींनी दुसरी पुरी तोंडात टाकत विचारलं, "कोनं शिकवलं?"

"माह्या मायनं." आणि एवढ्या हसऱ्या बाईचे डोळे मी पहिल्यांदाच भरलेले पाहिले. "भुलाबाई दर साली माहेरी येते, आजी. मी कुठी जाऊ?"

आजींनी पुरी संपवली, पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "उद्या माह्या घरी ये. मुक्कामाले."

"कायले?"

"माहेराले कायले म्हनून जाते का कोनी?"

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई नवं लुगडं नेसून, कपड्यांची पिशवी घेऊन निघाल्या. दोन्ही घरांची भिंत एकच होती, तरी वसंतराव त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. तेव्हापासून माझी बदली होईपर्यंत दर भुलाबाईला हे माहेरपण चाललं. त्या दिवसांत वसंतराव हातात भांडं घेऊन माझ्या दारात यायचे. "बाई, वरनात मीठ कधी टाकतेत?"

मी तोंड उघडायच्या आत आजींच्या ओसरीवरून आवाज यायचा, "सांगू नका त्याईले! मी माहेरी आहो!"