तारखेला भेटणारा चुलता

नगरच्या कोर्टात एक जादा जज्ज येणार, अशी बातमी राहुरीत आली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आमच्या घरात चूल पेटली नाही. आई कपाळाला हात लावून बसली. "मेल्यांना आत्ताच बरी घाई सुचली!" म्हणाली.

तिची तगमग कळायला मागचं सांगायला हवं. मी मांडीवर असतानाच वडील वारले. पुढं आईनं पाट लावला, म्हणजे दुसरं घर केलं. आमच्यात त्याला कुणी नावं ठेवत नसे. पण वडिलांच्या धाकट्या भावानं, माझ्या चुलत्यानं, कोर्टात अर्ज दिला: बाई दुसऱ्या घरात गेली, आता आमच्या भावाची पोर आमच्या ताब्यात द्या. कायदा त्याच्याकडे झुकता होता. आमचे वकील मुरलेले. ते आईला म्हणाले, "बाई, पोर लहान आहे तोवर तिला कोण विचारतंय? जाणती झाली की जज्ज तिलाच विचारील. तोवर पडू देत तारखा."

आणि तारखा पडायच्याच. एकटा जज्ज, त्यात लढाईचे दिवस, रेशनचे नि चोरट्या धान्याचे खटले वाढलेले. आमचा पुकारा व्हायचा दिवस कलल्यावर, तोही पुढची तारीख सांगण्यापुरता. बाकीचे शिव्या घालत उठायचे, आई मात्र पदर सावरत खुशीत उठायची. दर तारखेला मी थोडी मोठी होत होते ना! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझी आई ती देवळाची असल्यासारखी चढायची.

चुलताही यायचाच. आवारातल्या लिंबाखाली एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला तो. आई त्याच्याकडे पाठ करून बसायची. त्याच्या काखेत मात्र दर वेळी माझ्यासाठी पुडी असायची, भाजक्या शेंगांची नाहीतर रेवड्यांची. "घिऊ नगं," आई दातओठ खात म्हणायची, "तुझ्या बापाच्या जमिनीवर डोळा हाय त्याचा, तुझ्यावर न्हाई." मी घ्यायचीच. हावरट कार्टी होते मी. आणि खरं सांगू? मला तो आवडायचा. एकदा रागाच्या भरात आईच बोलून गेली होती, "मेल्याचा तोंडवळा बघा, सगळा तुझ्या बापाचा!" घरात वडिलांचा फोटो नव्हता. तेव्हापासून मी शेंगा फोडता फोडता त्याच्याकडे टक लावून बघत बसायची.

जादा जज्ज आला आणि आमचं प्रकरण त्याच्याकडे गेलं. जुनी दप्तरं हलवून एका खोलीत त्याचं कोर्ट थाटलं होतं, कुबट वास अजून भिंतींना होता. तुंबलेलं उपसायलाच आलेला माणूस तो. आमच्या वकिलांनी मुदत मागितली, तर म्हणाला, "मुदत नाही. आजच काय ते बोला." आईनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

मग वाद आला माझ्या वयावर. आई म्हणे दहा, चुलत्याचा वकील म्हणे आठसुद्धा नाही. जन्माची नोंद कुणी केलेली? तो वकील म्हणाला, "साहेब, दात बघा तिचे." अगं बाई! मी काय बाजारातलं खोंड होते? मी तोंड गच्च मिटून घेतलं. जज्ज त्याच्यावर डाफरला आणि म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी. सगळे बाहेर व्हा."

दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून दोघंही दिसत होती. आईचे ओठ हलत होते, देवाचा धावा चालला असणार. चुलता पुडी काखेत धरून उभा होता. 'मला आईजवळ ऱ्हायचंय' एवढंच आईनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

"चुलता तुला मारतो का गं, बाळ?"

"न्हाई."

"आवडतो?"

घोकलेल्यात हे नव्हतं. "आवडतो," मी म्हणाले. बाहेर आईनं भिंतीचा आधार घेतला.

"मग जातेस त्याच्याकडे?"

"न्हाई, न्हाई! मी आईजवळच ऱ्हानार. काकाला तारखेला भेटंन की!"

जज्ज काही लिहायला लागला होता, तो थांबला. मग त्यानं सगळ्यांना आत बोलावलं आणि पोर आईकडेच राहील, असा निकाल दिला. आई तिथंच खाली बसून रडायला लागली.

बाहेर लिंबाखाली चुलत्यानं पुडी माझ्या हातात दिली. आईनं आज त्याच्याकडे पाठ केली नाही. मी नेहमीसारखं विचारलं, "काका, पुढची तारीख कदी?"

"आता तारीख न्हाई, पोरी," तो म्हणाला. "सुखात ऱ्हा."

पटका सारखा करून तो त्याच्या गावाकडे जाणाऱ्या केडगावच्या रस्त्याला लागला. त्यानं एकदा तरी मागं वळून बघावं म्हणून मी हाका मारल्या. तो वळला नाही, आणि नंतर कधी दिसलाही नाही. वडील वारले तेव्हाचं मला काही आठवत नाही. आपला बाप गेला हे मला कळलं ते त्या दिवशी, आणि कोर्टाच्या फाटकात उभी राहून मी भोकाड पसरलं.